सुमनच्या ओव्यांचा एकच श्रोता

उमरगा, मंगळवार, संध्याकाळ

सुमन गेल्यापासून आमच्या इंटरनेट रेडिओ केंद्रावर रोज दिवेलागणीला तिनं गायलेल्या ओव्या लावतो. सर्व्हरवर श्रोता एकच दिसतो. ओव्या सुरू झाल्या की येतो, संपल्या की जातो. बाकीच्या गाण्यांना थांबत नाही. कोण असेल? तामलवाडीला तिच्या आईच्या मोबाइलवर सुमननंच रेडिओ लावून दिला होता... आज धीर करून सासूबाईंना फोन केला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

"मामी, ओव्या तुम्हीच ऐकता का?"

"व्हय." मग म्हणाल्या, "तुमी बी तितं एकलेच ऐकता न्हवं?"

"हो, एकटाच."

"उद्या इकडं या. मिळून ऐकू."

येतो म्हणालो. पण त्या घरात सुमनशिवाय मी कधी गेलोच नाही. दारात उभं राहून आईला हाक तीच मारायची; उद्या मी कशी मारू?