मागच्या सीटचं माप

प्रिय क्रेनवाल्या,

चारचौघांत तुला अहो म्हणते, पण आज अरेच. तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. अजूनही आहे. ‘गाडीचं राहू दे, आता हौस उरली नाही, त्यापेक्षा फ्रीज घे,’ असं दोन ओळींत लिहून मोकळा झालास? लेकीचं लग्न झालं की दोघांनी मोटारसायकलवर महिनाभर समुद्राच्या कडेकडेने भटकायचं, हे सव्वीस वर्षं कोण घोकत होतं? तू तिकडे बंदरावर क्रेन चालवतोस, मी इकडे लोकांचे कपडे शिवतेय, आणि दर सुट्टीला घरात हाच विषय. फ्रीजवर बसून जायचं का आता समुद्रावर?

तर ऐक. मी शोरूममध्ये जाऊन आले. एकदा नाही, तीनदा. तू ज्या दोन गाड्यांवर अडला होतास, त्या दोन्ही पाहिल्या. त्या पळणाऱ्या गाडीचं तू कौतुक करायचास ना, ती खरंच पळते. सेल्समनने मला मागे बसवून मोठ्या रस्त्यावर चक्कर मारली. चढ असो, पुढे ट्रक असो, दोघांचं ओझं तिला जाणवतही नव्हतं. पण सीट म्हणजे नुसती फळी! आणि हँडल इतकं खाली, की पुढचा वाकल्यावर मागच्याने धरायचं कशाला? एका गतिरोधकावर माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. सेल्समन बिचारा घरापर्यंत सॉरी सॉरी करत आला.

दुसरी थोराड. रुंद सीट, पाठीला टेकू, समोर वारा अडवायला काच. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नाही. पण चढाला लागली की धापा टाकते, आणि ट्रकच्या मागे सापडलो तर त्याचा नंबर पाठ होईपर्यंत सुटका नाही. तू असतास तर नाक मुरडलं असतंस. मी मात्र टेप काढली. मागच्या सीटपासून फूटरेस्टपर्यंत, टेकूची उंची, सगळं मोजलं आणि वहीतल्या तुझ्या मापांशी ताडून पाहिलं. सेल्समनला वाटलं, बाई सीटला कव्हर शिवणार.

लेक सासरहून फोनवर म्हणते, बाबांचं मन बदललं असेल, सोड ना. मी म्हटलं, अगं, या माणसाने सव्वीस वर्षांत केसांचा भांग बदलला नाही, मन कुठलं बदलतोय! तिला तेवढंच सांगितलं. पुढचं तू स्वतः सांग, ते माझं काम नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझ्या मुकादमाचा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस, तुझ्या काळजीनेच केला त्याने. तुला क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलंय. डोळ्यांच्या कडा अंधारत चालल्यात, गेलेली नजर परत यायची नाही, आणि गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मला सांगितलं असतंस तर मी काय तुला टाकून दिलं असतं? खूप रडले रे. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल शिकायला नाव घातलं. दोनदा पडले, गुडघा सोलवटला, आणि परवा लायसन्स हातात आलं. थोराड गाडी घेतली. तिच्यावरून माझे पाय जमिनीला टेकतात आणि मागची जागा तुला मापात बसते. हळू चालते म्हणून मागून कुरकुर करशील, कर. मागे बसण्यात कमीपणा नसतो, सव्वीस वर्षं मी बसलेय. राजीनामा दे आणि ये. समोरचं तेवढं दिसतं ना अजून? मग झालं तर. समोर मीच असेन.

तुझीच,
टेलरबाई