अर्धा ठोका आधी

२ फेब्रुवारी
आलो एकदाचा. तळमजल्यावरची खोली कोरडी, उजेडाची, भिंती जाडजूड. घरमालकीण मावशी वरच्या मजल्यावर एकट्याच. काठी टेकत चालतात. पाऊल, पाऊल, टक. काय करता, म्हणाल्या. स्टेजवर आपलं आपण ताल रचणारं ड्रमयंत्र बनवतोय, म्हटलं. म्हणजे वाजवणार ते आणि टाळ्या घेणार तुम्ही, म्हणाल्या. माझ्या कलेची इतकी नेमकी समीक्षा आजवर कुणी केली नव्हती. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाई हुशार दिसते, जपून राहा.

५ फेब्रुवारी
आवाज झकास जमलेत. खर्जाचा ठोका दणदणीत, झांज कुरकुरीत. ताल मात्र निवृत्तीला टेकलेल्या कारकुनाचा. सगळं जागच्या जागी. थोडा वेडेपणा बाहेरून आणायला हवा. म्हणून छताला माइक चिकटवला. वरची पावलं, नळ, दारं ऐकून यंत्र त्यांच्यावर ताल रचेल. मावशींना साथीदार केल्याचं सांगितलं. नाव मोठ्या अक्षरात छापा, म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
ऐकून वाजवेपर्यंत यंत्राला उशीर होतो. स्टेजवर एवढासा उशीर म्हणजे नाचक्की. कार्यक्रम महिनाअखेरीला, आयोजक रोज फोन करून जीव खातो. या वयात डोळे चुरचुरतात, पाठ बोलते. शेवटी जुगाड केला: पुढचा आवाज कधी येणार, याचा अंदाज बांधून यंत्राने तो आधीच वाजवायचा, अंदाज खरा ठरला की आणखी थोडं आधी. जमलं! मावशींची काठी आणि माझा ड्रम एका क्षणी.

१२ फेब्रुवारी
आता ड्रम आधी, काठी मागून. दुपारी झांज वाजली; मग वर ताटली फुटली. मावशींना सांगितलं. तुमच्या धडधडाटानेच फुटली, म्हणाल्या, नवी आणा. मुद्दा बिनतोड. हसलो. जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी
सकाळी मावशी वर निवांत बसलेल्या. यंत्र त्यांची चाल वाजवत होतं. पाऊल, पाऊल, टक. पाऊल, आणि खर्जाचा एकच जड ठोका. मग शांतता. शांतता मी त्यात घातलेलीच नाही.
चहा करत होतो, तर वर खरी पावलं सुरू झाली. पाऊल, पाऊल, टक. जिन्याकडे धावलो. दार उघडेपर्यंत—
त्या पडलेल्या होत्या. काठी अजून हलत होती.

१६ फेब्रुवारी
मावशी गेल्या. त्यांचा भाचा आला होता, भला माणूस. राहा खुशाल, म्हणाला, घरात कुणीतरी हवं. कुणीतरी म्हणजे मी. आता आवाज करणारा मी एकटाच—

१७ फेब्रुवारी
खोकला. आधी यंत्राचा, मग माझा. खुर्चीची करकरही तशीच. आयोजकाला फोनवर ऐकवलं. अप्रतिम, म्हणाला, आता हात लावू नका.

१८ फेब्रुवारी
तारा उपटल्या. गप्प झालं. पण मग उठावं की बसावं, तेही कळेना. पुढे काय आहे, ते सांगणारं आता काहीच नाही. पुन्हा लावलं. माइक छतावरून काढून टेबलावर, माझ्यापुढे ठेवला. शहाणपणाला वय नसतं म्हणायचं.

१९ फेब्रुवारी
घर सोडतो, असं ठरवलं. लगेच वाजलं: बॅगेची चेन. माझी पावलं. दाराची कडी. खर्ज. एकदाच.
बॅग पुन्हा उपसली. बसून आहे. उठलो नाही तर पावलं नाहीत—

२० फेब्रुवारी
आज पावलं वाजली नाहीत. बरं वाटलं.
नुसती खरखर वाजते आहे. पेनाची. म्हणजे बसल्या जागी—
पेन पडलं. घरंगळलं. यंत्राच्या आवाजात. माझं हातात आहे अजून. घट्ट धरलंय.
लिहीत राहिलो तर नाही ना पडणार. त्याची खरखर थांबली होती कुठे— एका लांब ओळीनंतर. म्हणून लहान ओळी. लहान. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, घाबरटच आहात हो तुम्ही, एवढं मोठं यंत्र केलंत आणि