खाडीपलीकडच्या तोफा

अब्बा, काल संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि तुम्ही दिसलात. रमझानची संध्याकाळ, खाडीवर पिवळसर उजेड, तुमच्या बोटांत खजूर. पलीकडच्या डोंगरावरच्या किल्ल्यातून आधी पांढरा धूर निघतो, मग केव्हातरी सावकाश तोफेचा आवाज येतो. सगळा गाव रोजा सोडतो. तुम्ही मात्र अजान होईपर्यंत थांबता, कारण ती तोफ तुम्हीच संस्थानच्या दरबाराला आणून दिलेली आणि तिचे पैसे अजून आलेले नाहीत. आई वैतागून म्हणते, "भांडण दरबाराशी हाय, खजुराशी न्हाय. खावा आता."

त्या भांडणाचं मूळ मला मोठेपणी कळलं. माझ्या लहानपणी तुम्ही मुंबईत साप्ताहिक चालवत होतात, तेव्हा जहाजवाल्यांच्या ओळखीवर तोफांचा मक्ता घेतलात. तोफा आल्या. त्या डोंगरावर चढवायला दरबाराने गावोगावची माणसं वेठीला धरली, मजुरीचा एक पैसाही दिला नाही, आणि नेमकं तेच तुम्ही छापलंत. मजकूर खोटा होता असं छापा आणि पैसे घेऊन जा, असा निरोप आला. तुम्ही कसले ऐकताय! साप्ताहिक बुडालं, आईच्या बांगड्या गेल्या, आम्ही वाडीतल्या नारळांवर वाढलो. मला तुमचा अभिमान वाटायचा, आणि रागही यायचा.

परवा दरबाराचा कारकून मचव्यातून उतरून माझ्या सासरी आला. जुनी प्रकरणं मिटवायची आहेत म्हणाला. पैसे तयार आहेत. तुमची वारस म्हणून मी फक्त लिहून द्यायचं, की तो मजकूर खोटा होता. माझ्या धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलंय, अब्बा. घर शाकारायचंय. मी लेखणी हातात घेतली होती. सासूबाई कोपऱ्यात सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांचा बाप त्या वेठीत होता. तोफ घसरली आणि त्याचा पाय कायमचा गेला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कर गो सही. माझा बाप काय आता मजुरी मागायला येतोय?"

मी लेखणी खाली ठेवली. कारकुनाला चहा पाजला आणि ओहोटी लागायच्या आत परत पाठवला.

तुम्हाला आनंद होईल म्हणून हे लिहायला बसले. पाठवणार कुठे, ते असो. पण खरं सांगते, मी ते तुमच्यासाठी केलं नाही. नुसत्या तुमच्या शब्दाचा प्रश्न असता, तर सही करून मोकळी झाले असते.