दुधाचे पैसे बिहारला

केमारी बंदर, कराची
ता. २० फेब्रुवारी १९३४

ती. अक्काच्या चरणी शिवशरणचा दंडवत. वि. वि.

आणि दुधाचं तू परत तेच केलंस. मागं सोमवारच्या उपासावरून आपलं वाजलं तेव्हा मी माघार घेतली, कारण महादेवाशी भांडायची माझी ताकद न्हाई. पण उपास सोमवारचा, दूध रोजचं. डॉक्टरनं तुझ्या छातीला नळी लावून दाजींना सरळ सांगितलं होतं, की क्षयाची सुरुवात आहे, बाटलीतलं औषध नावापुरतं, खरं औषध रोज शेरभर दूध आणि पडून राहणं. म्हणून मी हितं धक्क्यावर गोणी वाहतो आणि दुधाचे पैसे वेगळे लावून धाडतो. अन् काल आपल्या गल्लीतल्या बजाबाईचा कुंडलिक नोकरी शोधत हितं आला, माझ्या ताटावर बसून माझीच भाकरी मोडत लई कौतुकानं सांगू लागला, की तुझ्या बहिणीनं महिन्याचं दूध बिहारच्या फंडाला दिलं, सभेत टाळ्या पडल्या.

बिहारात भूकंप झाला हे मलाही ठाऊक आहे. तो का झाला हे तर हितं सगळ्यांनाच ठाऊक आहे. पुजारी म्हणतो दारूमुळं, दारूवाला म्हणतो सिनेमामुळं, आमचा मुकादम म्हणतो हमाल माजल्यामुळं. स्वतःच्या पापानं झाला म्हणणारा अजून एक भेटला न्हाई. त्या मुकादमानं आम्हा सगळ्यांचा एक रोज न विचारता फंडाला कापला आणि हार स्वतःच्या गळ्यात घालून फोटो काढवला. तेव्हा आपल्या घरचं बिहारला पोचलेलं आहे. तुझ्या पेल्यातलं जायची गरज नव्हती.

दूध पिते असं उलट टपाली लिही, खाली दाजींची सही पाहिजे. रागानं लिहिलं तरी मायेत उणं धरू नये.

तुझा शिवशरण

*

श्रीसिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, ता. ३ मार्च १९३४

चि. शिवशरण यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मुकादमाच्या हाराशी आले आणि हसून हसून पुढचं वाचता येईना. मी तिसरी झाले, तू दुसरीतून पळालास, तरी अक्कल तूच मला शिकवायची असं आपल्या घरात ठरलेलं दिसतं.

आता फंडाचं ऐक. वकिलाच्या मालतीबाई अध्यक्ष आहेत. प्रत्येकीनं एक जिन्नस सोडायचा आणि त्याचे पैसे फंडाला द्यायचे असा त्यांनी नियम काढला. त्यांनी स्वतः चहा सोडला, आता कॉफी घेतात. एकीनं जावेशी बोलणं सोडलं आणि त्याचे किती धरायचे म्हणून विचारत होती. माझ्यापाशी दुधाशिवाय सोडण्यासारखं काय होतं सांग. सुपारीसुद्धा मी खात नाही.

चेष्टा राहू दे. बिहारातल्या मुंगेरहून आलेल्या एका माणसानं सभेत सांगितलं, की तिथं एक बाई दिवसभर हातांनी विटा उकरत होती, आत तिची पोरं होती. नखं गेली तरी ती उठेना. घरी येऊन मी पेला तोंडाला लावला आणि परत खाली ठेवला. मी काय करू?

आणि तू काय मला बोलतोस? कुंडलिकनं बजाबाईला कळवलंय, की तू अंगावरची घोंगडी बिहारच्या गाठोड्यात टाकलीस आणि आता पोतं पांघरून शिंकत निजतोस. खोकला मला आता सकाळचाच तेवढा येतो, काळजी करू नये. पत्र पाठवत जावं आणि नोकरी निदान ह्या वर्षी तरी सोडू नये, एवढा अक्कावर लोभ ठेव.

तुझी अक्का

*

सोलापूर, ता. ५ मार्च

चि. शिवशरण यास दाजी रुद्रप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या अक्काला न कळू देता दुकानातून लिहितो आहे. खोकला सकाळचा नाही, आठी प्रहर आहे. मंगळवारी पदराला रक्त दिसलं. विचारलं तर म्हणाली पान खाल्लं. ती पान खात नाही हे मला बारा वर्षं ठाऊक आहे.

काल मी आवाज चढवला. त्यावर ती लुगड्याची घडी घालत सहज बोलल्यासारखी म्हणाली, "जाणाऱ्या बाईला दूध पाजून कुणाचं भलं? जगणाऱ्यांच्या पोटात तरी जाऊ दे." दुकानात सुताचा भाव माझ्या शब्दावर ठरतो, घरात माझा शब्द चुलीपर्यंतसुद्धा पोचत नाही. ती देवाचं ऐकते आणि थोडंफार तुझं. काही सुचलं तर कर. मी लिहिल्याचं बोलू नकोस. आम्हा दोघांवर माया असावी.

रुद्रप्पा

*

केमारी, ता. २६ मार्च १९३४

ती. अक्काच्या चरणी शिवशरणचा दंडवत. वि. वि.

भांडण मिटवतो. बिहारचं तुझंच खरं. घोंगडी फाटकीच होती, कुंडलिक चहाडखोर आहे.

आता एक कळवायचं राहिलं. गेल्या सोमवारी हितल्या समुद्राकाठच्या महादेवापुढं ओलेत्यानं उभा राहून मी नवस बोललो. अक्का ज्या दिवशी शेरभर दूध पिईल त्या दिवसाचा एक आणा बिहारला. ज्या दिवशी पिणार न्हाई त्या दिवशी आणा न्हाई, आणि मी जेवणारही न्हाई. कुंडलिक साक्षीला होता. शेवटचं ऐकून तो फार हळहळला, कारण अजून तो माझ्याच ताटात जेवतो. भावानं बोललेला नवस बहिणीला मोडता येतो का, हेही पुजाऱ्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, न्हाई. दक्षिणा ठेवल्यावर म्हणाला, मुळीच न्हाई.

तेव्हा दूध सोडण्यात आता पुण्य उरलं न्हाई. पेला खाली ठेवलास की मुंगेरच्या पोरांचा आणा बुडाला. मालतीबाईंना सांग, टाळ्या वाजवायच्या तर पेला रिकामा झाल्यावर वाजवा.

सकाळच्या खोकल्याचं तू लिहिलंस. आप्पांचा मार चुकवायला माझ्यासाठी तू किती खोटं बोललीस ते मी शेजारी उभं राहून ऐकलेलं आहे. तुझं खोटं मला अक्षरावरनंसुद्धा कळतं. अक्का, ती बाई विटा उकरत होती ती आत कुणीतरी जित्तं असेल म्हणून. तू तर उजेडात बसलीयस, आणि हातानं विटा अंगावर ओढून घेतीयस. मी हितनं कराचीवरनं किती उकरू? आई गेल्यापासून सुट्टीला मी तुझ्याच दाराशी येतो. दुसरं दार मला ठाऊक न्हाई.

लोभ आहेच, तो टिकवायला तू पाहिजेस.

तुझा शिवशरण

ता. क. एप्रिलचे तीस दिवस धरलेत. दुधाचे तीन रुपये बारा आणे, बिहारचे एक रुपया चौदा आणे. बिहारचे दाजींनी पेले मोजून महिनाअखेर फंडात भरावेत, उरतील ते मला परत करावेत, जितके आणे येतील तितके दिवस मी जेवणार न्हाई. त्यातला एकही आणा परत येऊ देऊ नकोस. मनीऑर्डर आजच केली, पाच रुपये दहा आणे.