गायरानावरचं इंजिन

बाबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तुमच्याबद्दल एक खोटं बोलले, तेही चारचौघांत आणि आपल्याच बोलीत. मायजवळ ते कबूल करायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी काय काम करते ते तुम्ही पाहिलं नाही. आम्ही विमानाचं नवं इंजिन घडवतो, नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या पल्ल्याच्या विमानांसाठी. त्याची मोठाली पाती कवचात नसतात, बाहेर उघडी फिरतात, त्यामुळे इंधन पुष्कळ कमी लागतं. जे लागेल त्याचाही हवेवर भार पडू नये, अशी आमची धडपड आहे. या कामावर माझा खरोखर विश्वास आहे. पण उघड्या पात्यांचा आवाज फार. चाचणीसाठी वस्तीपासून लांबची मोकळी जागा हवी होती. अड्याळच्या पलीकडे एका गावाचं गायरान आणि त्याला लागून असलेल्या धानाच्या काही बांध्या, म्हणजे भातखाचरं, पसंत पडल्या. गाव मात्र तयार होईना. साहेब मला म्हणाले, तुम्ही तिकडच्याच, तुमचं ऐकतील.

विहारासमोर माणसं जमली. इंधन, धूर, नोकऱ्या, सगळं मी समजावून सांगितलं. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "तू कोन्या गावची व बाई?"

मी आपल्या गावाचं नाव सांगितलं.

"थे तं गोसीच्या धरनाच्या पान्यात गेलं ना?"

"हो," मी म्हणाले. "माह्या बाबानं जमीन देल्ली, म्हनून मी शिकली. त्यायले कधी पस्तावा नाही झाला."

पुनर्वसनाच्या घरातली ती संध्याकाळ मला तेव्हाही आठवत होती, बाबा. मी शाळेत भाषण करून आले आहे, तुम्ही चुलीजवळ जेवायला बसला आहात. आपण देशासाठी जमीन दिली, असं मी बोलून दाखवते. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता आणि आवाज न चढवता म्हणता, "देल्ली नाही बाई, नेली. दोन्ही एक नोको समजू." माय वाढायची थांबते. माझं शिक्षण तिनं वळलेल्या विड्यांवर झालं, जमिनीवर नाही, हेही मला ठाऊक होतं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत सकाळी उठून पाण्याच्या काठाशी जाऊन उभे राहायचात.

म्हातारीनं मान हलवली. "तुया बाप असा म्हने तं ठीक आहे मंग." तिच्यामागून बाकीचेही वळले आणि थोड्याच दिवसांत गावानं होकार दिला.

खरं सांगून टाकावं म्हणून मी एकदा तिच्याकडे गेलेही. गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं आणि तिच्या शेळ्या दाराशी बांधलेल्या होत्या. तिनं चहा केला, तुमची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. तुम्ही नाही, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. बरे आहेत म्हणाले आणि पावसापाण्याचं बोलून परत आले.

हे सगळं मायला वाचून दाखवायचं ठरवून मी तिच्याकडे आले होते. आता ती आत झोपली आहे आणि मला कळतंय की मी हे तिला दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत तर ते पोहोचायचंच नाही. तरी एक राहिलं. मागच्या महिन्यात तिथं इंजिन पहिल्यांदा चाललं. शरमेनं माझी मान खाली गेली असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही, बाबा. पाती फिरली, इंधन आमच्या अंदाजापेक्षाही कमी लागलं आणि मी लहान पोरीसारखी हसत सुटले. तेवढा वेळ ना ती म्हातारी आठवली, ना तुम्ही.