रोमन थडग्यावरचा चष्मा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या उभ्यानेच, भाव साष्टांग समजावा). तुझी प्रकृती कशी आहे ते कळव. इकडे सगळे ठीक, माझ्याखेरीज. आणि त्याला कारण तू.

आधी एक गंभीर तक्रार. माझ्या ग्रीक-रोमन इतिहासाच्या वर्गासाठी तू मूळ साधनांचे जे मराठी उतारे करून पाठवलेस, त्यांना पिन उजव्या कोपऱ्यात मारली आहेस. पोरं मागून वाचायला लागतात आणि आमच्याकडे ग्रीक नगरराज्यं रोम बुडाल्यावर उदयाला येतात. तेही मी सोसलं. (मोठी बहीण, त्यात घराण्यात लॅटिन येणारी एकटीच, बोलणार कोण?)

पण त्यामुळे शेवटचा उतारा पहिला वाचला गेला. रोममधल्या एका पाव भाजणाऱ्याच्या थडग्यावर बायकोने कोरवून घेतलेला मजकूर. मी खड्या आवाजात वाचत होतो. सचोटीचा होता, कुणाशी भांडला नाही, इथवर ठीक. पुढे, 'चष्मा कपाळावर ठेवून तू घरभर शोधायचास आणि मी मुद्दाम सांगत नसे, कारण शोधताना तू गायचास.' वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. मी खडूसकट थिजलो.

वर्ग मात्र लिहून घेत होता. जन्मभर मी बजावत आलो की पाठ्यपुस्तकावर नको, मूळ साधनावर विश्वास ठेवा. ठेवला. निबंधांत रोमन साम्राज्यात चष्मा घरोघरी पोचला आहे. एका हुशार मुलीने तर भट्टीच्या धगीने पाववाल्यांचे डोळे अधू होत असा सिद्धांत मांडलाय, आणि तो इतका मुद्देसूद की मला गुण कापवेनात.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी मूळ लॅटिन काढून पाहिलं. दगडावर चार ओळी, आपल्याकडे अकरा. "सर, दगड वाढतो का हो?" बाईंनी शांतपणे विचारलं. पाठशाळेत प्रक्षिप्त श्लोक नखाने उचकटून काढायला शिकलेला मी, चक्क "पाठभेद आहे, बाई" असं बोलून बसलो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अनुवाद तुलाही जमणार नाही.

मुलांना नमस्कार सांगू का तुझा? सांगतोच. तू त्यांची आवडती रोमन आहेस.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना चार ओळींचा उतारा सोमवारपर्यंत हवा आहे. उरलेल्या सात मी कापून माझ्याकडे ठेवल्यात. परत मागू नकोस. भावोजी गायचे ते बेसूर, एवढी एक दुरुस्ती मात्र पेन्सिलीने केली आहे.

ता. क. दुसरा. माझ्या संस्कृतच्या भाषांतरात एक शब्द पदरचा आला तरी तू अख्खं पान परत पाठवायचीस. त्या सात ओळी तुझ्या हातून नकळत गेल्या की जाणूनबुजून, मला कळत नाही, आणि दोन्हींची धास्ती वाटते. भावोजी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस. शनिवारी येतोय. उतारा हे निमित्त आहे. तू त्या घरात एकटी आहेस, त्याची मला भीती वाटते.