जेटीवरचा निळा शर्ट

६ ऑक्टोबर, सोमवार
लागलो एकदाचा कामाला. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तिकडे मंडणगडला आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, आणि इथे जयगडात मला खुर्ची, पंखा, वर दुपारचा चहा. मालक उमेरभाई, मस्कतहून परत आलेले. बर्फाच्या कारखान्यावर त्यांची खोली, खाली जेटी. तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र आम्ही गावातल्या घराघरांत टीव्हीला जोडलेल्या जुन्या स्वस्त डब्यांवर दाखवतो, म्हणजे आपली बोट लागली का ते बायकांना घरबसल्या कळतं. डबे रडके, चित्र अडकतं. ते पळवायचं काम माझं. चित्राच्या कोपऱ्यात फेरीबोटीची तिकीटखिडकी येते. खिडकीत दर्शना. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मी जयगडच का निवडलं, ते उमेरभाईंना सांगितलेलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
चित्र उलगडणारा कोडचा तुकडा आधीच्या कुणीतरी हाताने असेम्ब्लीत, थेट चिपच्या भाषेत लिहिलाय. बाकीचा कोड चिपच्या भाषेत नेणारा कंपायलर त्यात डोकावत नाही. त्याला शेजारी लिहून द्यावं लागतं की बाबा, ही रजिस्टरं, चिपच्या हाताशी असलेले हे कप्पे, माझी, आणि मेमरीही मी बदलतोय. मग तो रजिस्टरात धरून ठेवलेलं जुनं टाकतो आणि मेमरीतून ताजं वाचतो. सांगितलं नाही तर जुनंच खरं मानून बसतो. या पुन्हा पुन्हा वाचण्यातच वेळ जातो.
दुपारी दर्शनाकडे गेलो, लग्नाचं विचारलं. तिने विचारलं, डोकं अजून तसंच तापतं का रे तुझं? मग नकोच, म्हणाली. वर आलो तर उमेरभाईंचं सुरू, की तुझ्याच्याने माशी हलत नाही, चित्र काय पळणार. सटकली माझी. मेमरी बदलते हे सांगणारा तो एक शब्दच उडवला. चित्र सुसाट. चाचणी म्हणून निळा शर्ट घालून स्वतः जेटीवर उभा राहून आलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
निळा शर्ट चित्रातून जात नाही. मी वर खुर्चीत, आणि पडद्यावर मी जेटीवर. चित्राचा जुना तुकडा चिकटून राहिला असणार, होतं असं. पण माशांच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका त्याला वळसा घालून जातात. उठून खिडकीतून पाहिलं. जेटीवर तिथे कुणीच नाही. बायका तरी वळसा घालतात.

११ ऑक्टोबर, शनिवार
उमेरभाई बाहेरून आले ते तडकलेलेच. स्वरूप, पगार काय जेटीवर उभं राहायचा देतो का तुला? मी खुर्चीतून हललोसुद्धा नव्हतो. भांडलो. ते म्हणाले, खाली कसा गरिबासारखा हसलास, आणि वर येऊन लगेच शिंगं उगवली?

१३ ऑक्टोबर, सोमवार
दर्शनाचा फोन. आपणहून, पहिल्यांदा. काल बोलून बरं वाटलं म्हणाली. एकदाही चिडला नाहीस. असाच राहणार असशील तर घरी सांगते.
काल मी मंडणगडला होतो.
ओरडलो, तिथे मी नव्हतोच. ती म्हणाली, हे बघ, झालं सुरू. उद्या कालच्यासारखा होऊन ये. ठेवला.
माझ्या आयुष्यातलं एकमेव हो, ते त्याला—

१४ ऑक्टोबर, मंगळवार
शब्द परत घातलाय. चालू केलं की जुनं धरलेलं सुटेल. तो जाईल. मग मी खाली जाणार.
उमेरभाई आत आले. खुर्चीकडे बघून फोनवर कुणाला तरी म्हणाले, स्वरूप खाली जेटीवर आहे, इथे कोण नाय. मी हाक मारली. ते पंखा बंद करून गेले.
पडद्यावर दर्शना त्याला चहा देतेय—

चालू केलं.
चित्र ताजं होतंय. तो हलला. कप घेतला. खिडकीतून पाहिलं— आता तिथूनही दिसतो. निळा शर्ट. ती हसतेय—
चुकलं. जुना तो, असं मी धरून चाललो. तो तर रोज बदलत होता. तसाच राहिलेला, धरून बसलेला जुना तुकडा तर मीच—
दर्शनाला हाक मारतोय, आवाज—
तिने वर पाहिलं. खिडकी रिकामी असल्यासारखं—
बोटं दिसत नाहीत. पेन कोण